पाण्याखालचा पंचनामा : नाशिकच्या पोलीस दलाला एक खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर
मा. पोलीस अधीक्षक, नाशिक ग्रामीण
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचे सर्व संबंधित

स. न. वि. वि.

मी निवृत्त सहायक फौजदार आहे. खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी नदीकाठच्या ठाण्यांत. माझ्या हातून अकस्मात मृत्यूचे जे कागद झाले, त्यांतला मोठा गठ्ठा पाण्याचा. गंगेतले (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आम्हा नाशिककरांच्या तोंडी गोदावरी ही गंगाच), दारणेतले, वालदेवीतले, धरणांतले, विहिरींतले आणि अलीकडे शेततळ्यांतले. त्या प्रत्येक पंचनाम्यात मी एक वाक्य जवळपास त्याच शब्दांत लिहीत आलो : ‘मयतास स्थानिक पोहणाऱ्या इसमांच्या मदतीने पाण्याबाहेर काढण्यात आले.’

त्या एका वाक्याखाली काय काय दडलंय ते सांगायला हे पत्र लिहितोय. आणि एक मागणी आहे. पाण्याखाली शोध घेणारं, पोलिसांचं स्वतःचं, तपासाचं शिक्षण घेतलेलं कायमस्वरूपी पथक नाशिकमध्ये उभं करा. कुंभाच्या आधी करा.

आधी हे ‘स्थानिक इसम’ कोण ते सांगतो. कुणी बुडाल्याची खबर आली की डायरीला नोंद व्हायची आणि आम्ही निघायचो. वाटेतच कुणीतरी कुणाला तरी फोन लावायचं. आम्ही काठावर पोचेपर्यंत तीन-चार पोरं आलेली असायची. कुणी मासे धरणारा, कुणी रिक्षा चालवणारा, कुणी हाताला काम नसलेला. एखादा रामकुंडात यात्रेकरूंनी टाकलेली नाणी बुडी मारून वेचता वेचता पट्टीचा पोहणारा झालेला. अंगात चड्डी, कमरेला दोर, हातात दोरीला बांधलेला लोखंडी गळ. तोंडावर काच नाही, पाठीवर हवेची टाकी नाही. छाती भरून श्वास घ्यायचा, खाली जायचं, चिखलात हात फिरवायचा, पुन्हा वर. असं तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा.

काळोख्या पाण्यात प्रेताला हात लागतो तेव्हा काय होतं, हे मी फक्त ऐकलंय. एकाने मला सांगितलं होतं, “साहेब, आधी केस लागतात हाताला. शेवाळ वाटतं.” पाण्यात उतरण्याआधी त्यांना दारू पाजली जायची. नातेवाईक वर्गणी काढायचे, आणि आम्ही वर्दीतली माणसं दुसरीकडे बघायचो, कारण शुद्धीवरचा माणूस त्या पाण्यात पुन्हा पुन्हा उतरणार नाही हे आम्हालाही कळत होतं. पोटात दारू असलेल्याचं अंग पाण्यात लवकर गार पडतं, दमाचा आणि खोलीचा अंदाज सुटतो. एक मयत काढायला आम्ही दुसऱ्याचा जीव टांगणीला लावत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार?

मे महिन्यातली एक घटना सांगतो. शहराजवळचं धरण. मित्रांबरोबर पोहायला गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं, मिळाला नाही. आई काठावरून हलेना. मला एकच विचारत राहिली, “दादा, गारठला असेल का हो तो?” दुसऱ्या दिवशी गळ टाकले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, टोकदार आकड्यांचा झुबका दोरीने तळावरून ओढत न्यायचा आणि तो कशात तरी रुतण्याची वाट बघायची. कशात रुततो ते वेगळं सांगायला नको. मग शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो : अंगावरच्या या जखमा मृत्यूआधीच्या की नंतरच्या?

तिसऱ्या दिवशी सकाळी बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा पस्तीस-चाळीस फुटांवरून त्या मुलाला घेऊन वर आला. त्याच्या उजव्या कानातून रक्त येत होतं. एवढ्या खोलीवर अंगावरचा दाब काठावरच्यापेक्षा दुपटीहून जास्त असतो. तो दाब कानात सारखा कसा करायचा हे शिकवलेलं नसेल, किंवा सर्दी झालेली असेल, तर पडदा फाटतो. मी त्याला माझा रुमाल दिला आणि पंचनामा लिहायला बसलो. वाक्य तेच लिहिलं. त्याचं नाव घेतलं नाही. आज त्याला त्या कानाने ऐकू येत नाही. कुठे मदत मागायची तर कागद लागतो, आणि कागदावर तो नव्हताच.

दुसरी घटना कोर्टातली. विहिरीत एका बाईचं प्रेत सापडलं होतं. माहेरच्यांनी घातपाताचा संशय घेतला, गुन्हा दाखल झाला. दोन-अडीच वर्षांनी मी साक्षीला उभा राहिलो. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं : मयत पाण्यात असताना कोणत्या स्थितीत होती? पालथी की उताणी? कमरेला दगड बांधलेला होता असं तुम्ही म्हणता, ती गाठ पाण्यात असताना कुणी पाहिली? वर ओढताना तुमच्याच माणसांनी बांधलेला दोर कोणता आणि आधीचा कोणता? मला उत्तर देता आलं नाही. उत्तर ठाऊक होतं ते विहिरीत उतरलेल्या माणसाला. त्याला त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं, आणि साक्षीदारांच्या यादीत ‘स्थानिक इसम’ नावाचा माणूस नसतो. आरोपी सुटले. ते निर्दोष होते म्हणून सुटले की माझ्या पंचनाम्यातल्या त्या वाक्यामुळे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

साहेब, रस्त्यावर खून झाला तर आपण काय करतो? पट्टी लावतो, कुणाला आत येऊ देत नाही, फोटो घेतो, अंतरं मोजतो, मग मयताला हात लावतो. तेच मयत दहा हात पाण्याखाली असलं की सगळं विसरून आकडे टाकून ओढतो. पाण्याखालची जागा हीसुद्धा घटनास्थळ आहे, ही साधी गोष्ट मला नोकरी संपेपर्यंत उमगली नाही. निवृत्तीनंतर या विषयाचं मिळेल ते वाचत गेलो, नौदलातून निवृत्त झालेल्या एका पाणबुड्याच्या घरी जाऊन बसलो, त्याच्याकडून कामाची पद्धत समजून घेतली. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे अजूनही लोकांना वाटतं की पाणबुडा म्हणजे फक्त चांगला पोहणारा.

शोध काठावर सुरू होतो. बुडताना ज्याने पाहिलं त्या माणसाला तो तेव्हा जिथे उभा होता नेमका तिथेच पुन्हा उभा करायचा, आणि हात करून दिशा दाखवायला सांगायची. दोन साक्षीदार दोन जागांवरून दिशा दाखवतात, त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाण्यावर बोया टाकायचा. हे शेवटचं दिसलेलं ठिकाण. साचलेल्या पाण्यात बुडालेलं शरीर बहुधा त्या ठिकाणापासून फार लांब जात नाही. पाण्याची जितकी खोली, साधारण तितक्याच अंतराच्या वर्तुळात ते तळाला असतं, असा पाणबुड्यांचा आडाखा आहे. आम्ही त्या धरणावर दोन दिवस कुठे गळ फिरवत होतो ते आठवलं की पोटात कालवतं. मुलगा त्याच्या चपला ठेवलेल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होता. आम्ही साक्षीदार पोरांना रडतात म्हणून घरी पाठवून दिलं होतं.

मग पाणबुडा उतरतो, तो दोरीवर. दोरीचं दुसरं टोक काठावर किंवा बोटीत बसलेल्या जोडीदाराच्या हातात. खाली काही दिसत नाही. आपल्या नद्यांत आणि धरणांच्या तळाशी डोळ्यापुढे धरलेला हातही दिसत नाही, बॅटरीचा उजेड गाळात विरून जातो. म्हणून सगळा शोध हातांनी. जोडीदार दोरी ताणून धरतो, पाणबुडा तिच्या टोकाशी कंस काढत एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतो, कंस संपला की दोरीला झटका मिळतो, दोरी हातभर सोडली जाते, पुन्हा उलट कंस. किंवा तळाला दोन वजनांमध्ये दोरी ताणून ठेवायची आणि तिच्या कडेकडेने चाचपत जायचं, एकेक पट्टा पुरा करत. कुठला पट्टा झाला, कुठला राहिला, हे काठावरचा माणूस कागदावर आखत असतो. शेतात पेरणी करताना तास चुकू नये म्हणून जशी नजर ठेवतात तशी. ‘इथे बघून झालंय’ हे खात्रीने सांगता येणं हाच अर्धा शोध असतो.

एक माणूस पाण्यात असताना दुसरा पूर्ण तयारीत काठावर बसून असतो, खालच्याला काही झालं तर तत्काळ उतरायला. तिसरा दोरी धरतो. चौथा या सगळ्यांचा प्रमुख, ज्याला ‘आज उतरायचं नाही’ असं म्हणायचा अधिकार असतो. हा अधिकार सर्वात मोलाचा. आमच्या वेळी काठावर जमाव ओरडायचा, पुढारी यायचे, बातमीदारांचे कॅमेरे लागायचे, आणि फुगलेल्या नदीत कुणाला तरी ढकललं जायचं. तिथे नाही म्हणायला कुणीच नसायचं.

चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा असेल तर त्यात बोलण्याची सोय होते, वायरने काठावर आवाज येतो. या एका गोष्टीने पंचनाम्याचं रूप पालटेल, म्हणून मी तिच्यावर जोर देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करायला सांगतं. गढूळ पाण्यात चित्र येणार नाही, पण आवाज येईल. “डावा हात लागला. मनगटाला दोरी आहे. दोरीचं टोक दगडाला.” पाणबुडा बोलतोय, काठावर ते ध्वनिमुद्रित होतंय, पंच कानांनी ऐकतायत, अंमलदार वेळेसह लिहून घेतोय. हत्याराचंही तेच. आरोपी म्हणतो, कोयता नदीत टाकला, जागा दाखवतो. जुन्या साक्ष्य कायद्याचं कलम २७, आता नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, सांगतं की आरोपीच्या ज्या सांगण्यावरून वस्तू सापडली तेवढंच सांगणं कोर्टात चालतं. म्हणजे सगळं त्या शोधावर उभं. आणि कोयता निघतो कसा? दोरीला लोहचुंबक बांधून, ओढत, चार हातांतून फिरत, पुसून कोरडा करून. खरं तर पाण्यातून निघालेली लोखंडी वस्तू त्याच पाण्यात बुडवून डब्यात बंद करून न्यायची असते. हवा लागली की गंज झपाट्याने चढतो आणि उरलासुरला पुरावा खातो.

मयतालाही खालीच, पाण्यातच, जाळीच्या पिशवीत घ्यायचं, म्हणजे पाणी निथळून जातं आणि कपड्यांतलं, मुठीतलं काही वाहून जात नाही. तिथल्या पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत घ्यायचा. पाण्यात डायटम नावाची अतिसूक्ष्म शैवलं असतात. जिवंत माणूस बुडताना पाणी श्वासात ओढतो, तेव्हा ती रक्तावाटे हाडांच्या मगजापर्यंत पोचू शकतात. तो माणूस बुडून मेला की आधी मारून मग पाण्यात टाकला, हे ठरवताना या तपासणीचा आधार मिळतो, पण ताडून बघायला त्याच जागेचं पाणी हवं. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आपल्या नाशिकमध्येच आहे. नमुना घेणारा हात तेवढा हवा.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये थेम्स नदीचे वेगळे पोलीस १७९८ सालीच नेमले गेले, पण त्यांचं काम पाण्यावरचं. पाण्याखाली माणूस टिकू लागला तो १८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीबे याने पूर्ण बंद पोशाख आणि शिरस्त्राण तयार केल्यावर. १७८२ साली बुडालेलं ‘रॉयल जॉर्ज’ हे इंग्रजांचं युद्धनौका-जहाज १८३९ पासून हा पोशाख घालून उपसलं गेलं, आणि पाणबुड्यांनी जोडीने उतरावं ही शिस्त त्या कामातून आली असं मानतात. खोलातून भराभर वर आलेली माणसं लुळी पडतात, मरतात, ते टाळायला किती सावकाश वर यावं, याचं कोडं जॉन हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून सोडवलं आणि १९०८ मध्ये वर येण्याची वेळापत्रकं छापली. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून मागेल तेवढीच हवा देणारं साधन बनवलं, आणि नळीने नावेला बांधलेला माणूस मोकळा झाला. त्यानंतरच जगभरच्या पोलीस दलांना स्वतःची पाणबुड्यांची पथकं ठेवणं जमू लागलं. या सगळ्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. माझ्या शेवटच्या पंचनाम्यातला माणूस तरीही चड्डीवरच उतरला होता.

हॉल्डेनची वेळापत्रकं नाशिककरांसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. पाणबुड्यांची नेहमीची वेळापत्रकं समुद्रासाठी केलेली असतात, आणि ३०० मीटरच्या वर त्यांत दुरुस्ती करावी लागते, कारण वरच्या हवेचा दाब कमी असला की वर येताना रक्तातला नायट्रोजन बुडबुडे धरण्याचा धोका वाढतो. रामकुंडासारख्या उथळ पाण्यात याने काही बिघडणार नाही. गंगापूर, मुकणे, दारणा अशा धरणांच्या भिंतीजवळ बिघडेल. मुंबईहून, गोव्याहून शिकून आलेला गडी तिथलीच वेळ धरून इथे उतरला तर घात होईल. आणि असा त्रास झालाच तर दाबकक्ष (वाढवलेल्या हवेच्या दाबात रुग्णाला ठेवायची बंद खोली) असलेल्या रुग्णालयात, म्हणजे मुंबईला, कसारा घाट उतरून न्यावं लागेल. त्यासाठी नौदलाशी आधीच बोलून ठेवायला हवं. माणूस तडफडत असताना पत्रव्यवहार होत नसतो.

पथक असलं की सगळं सापडतं, असं मी म्हणणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसटी बस वाहून गेल्या. नौदलाचे पाणबुडे होते, क्रेनला ३०० किलोचं चुंबक बांधून शोध झाला, तरी बसचा सांगाडा हाती लागायला आठवड्याहून जास्त काळ गेला आणि काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्याला लागले. कर्नाटकात शिरूरला १६ जुलै २०२४ ला दरड कोसळून ट्रक नदीत गेला, तो गाळ उपसून २५ सप्टेंबरला निघाला. वाहत्या पाण्यापुढे कुणाचं चालत नाही. आणि आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातलं सुगाव तर आपण विसरूच शकत नाही. २३ मे २०२४, प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला धुळ्याहून आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात उलटली. दलाचे तीन जण गेले. शिकलेली, कवायत केलेली माणसं होती ती. मग उघड्या अंगाने उतरणाऱ्या आमच्या पोरांना आम्ही इतकी वर्षं कशाच्या भरवशावर उतरवत होतो?

धुळ्याचं हे दल आणि पुण्याजवळची राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन, दोन्ही आपल्याला हाकेला धावून येतात, त्यांचे उपकार आहेत. पण धुळे दीडशे किलोमीटरच्या पुढे, पुणे दोनशेच्या पुढे. पावसाळ्यात त्यांना एकाच दिवशी दहा ठिकाणांहून बोलावणी येतात. शिवाय त्यांचं काम जीव वाचवण्याचं. जीव गेल्यानंतर त्या पाण्यातून सत्य वर आणणं हे तपासाचं काम, आणि तपास पोलिसांचा.

नाशिक जिल्ह्याला याची गरज किती, हे आपल्याला मी सांगायला नको. २८ जानेवारी २०२० ला देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षा धडकून दोन्ही रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळल्या, २६ माणसं गेली. एप्रिल २०२१ मध्ये वालदेवी धरणात सहा तरुण मुलं-मुली एकाच संध्याकाळी बुडाली. मे २०२४ मध्ये भावली धरणात पाच जण. शेततळ्यांचं दुखणं आणखी वेगळं. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या गावांतून प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी झालीत, त्या कागदावरून पाय सटकतो आणि वर येताना धरायला काही नसतं. लेकरू गेलं म्हणून बाप उतरतो, मग बापही. प्रत्येक तळ्यात गाठी मारलेला एक दोर कायम सोडून ठेवला तरी कितीतरी जीव वाचतील. विषय थोडा बाजूचा आहे, पण राहवत नाही.

आणि जे सापडतच नाहीत त्यांचं काय होतं, हे मी ठाण्याच्या बाकावर बसलेलं पाहिलंय. मयत नाही म्हणून मृत्यूचा दाखला सहजी नाही, दाखला नाही म्हणून विमा नाही, पेन्शन नाही, सातबाऱ्यावर वारसनोंद नाही. सात वर्षं खबर नसेल तर कायदा माणसाला मृत धरायला परवानगी देतो. सात वर्षं! एका बाईने मला विचारलं होतं, “मी कुंकू लावू की नको, ते तरी सांगा.” तिचा नवरा पुरात गेला होता. मी तिला काय सांगणार होतो?

आता कुंभाचं. प्रयागचा कुंभ थंडीत भरतो, आपला सिंहस्थ भर पावसाळ्यात. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २०१६ च्या २ ऑगस्टला गंगा दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली ही उंच मूर्ती म्हणजे आमची पुराची खूण) डोक्यावरून वाहत होती, आणि २०१९ लाही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच महापूर आला. वर गंगापूर भरत आलेलं, पाणलोटात पाऊस, खाली घाटांवर लाखो माणसं, आणि त्यांना उतरायचंच आहे ते पाण्यात. २७ ऑगस्ट २००३ ला मी बंदोबस्तावर होतो. रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्यानंतर गर्दी कशी वळवायची, कुठे अडवायची, हे आपलं खातं कष्टाने शिकलं. पाण्याचंही तसंच शिकावं लागेल, आणि ते दोन महिन्यांत शिकून होत नाही. प्रयागला २०२५ मध्ये उत्तर प्रदेशचे जल पोलीस होते, पाण्याखालचे ड्रोन होते. तिथून ड्रोन मागवता येईल. रामवाडीच्या पुलापासून तपोवनापर्यंत नदीचा तळ कुठे काँक्रीटचा, कुठे खडकाचा, कुठे जुन्या कुंडाची पायरी आहे, हे पायांना माहीत असलेला माणूस मागवता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. शहर आणि ग्रामीण मिळून एकच पथक असावं. नदीला हद्द कळत नाही. आनंदवलीला पडलेला माणूस एकलहऱ्याच्या पुढे निघतो आणि मग कागद कुणी करायचे यावर अर्धा दिवस जातो, तेवढ्यात नातेवाईक दोन ठाण्यांच्या पायऱ्या झिजवतात. पथकात किमान सोळा माणसं हवीत, कारण एकाला उतरवायला चार लागतात, आणि रजा, आजारपण, पाळ्या धरल्या तर याहून कमीत भागणार नाही. खात्यातून स्वेच्छेने येणारे घ्या, हुकमाने कुणाला पाण्यात ढकलू नका. आणि यातल्या काही जागा त्या ‘स्थानिक इसमांना’ द्या. वय, शिक्षण आड येत असेल तर मानधनावर घ्या, पण विमा उतरवून, कानांची-फुप्फुसांची तपासणी करून, ओळखपत्र देऊन. वीस-वीस वर्षांचं पाण्याचं ज्ञान त्यांच्या अंगात आहे. तपासाची शिस्त आपण शिकवू, नदी ते शिकवतील.

शिक्षणासाठी लांब बघायला नको. राज्याचे उपनिरीक्षक जिथे घडतात ती पोलीस अकादमी त्र्यंबक रोडवरच आहे. पाण्यातल्या घटनास्थळावर तिथे आठवडाभराचा पाठ सुरू झाला तर साऱ्या महाराष्ट्राचे तपास अधिकारी निदान साक्षीदाराला घरी पाठवून देणार नाहीत. पाणबुड्याच्या कामाचं प्रत्यक्ष शिक्षण नौदलाकडून किंवा राष्ट्रीय दलाकडून घ्यावं, आणि सराव इथल्याच पाण्यात, मुखवट्याच्या काचा काळ्या करून.

साहित्याची यादी माझ्यापेक्षा जाणकार लोक करतील. मी एवढंच सांगेन की मुखवटा, अंगाला पाणी न लागू देणारा पोशाख आणि बोलण्याची वायर यांत काटकसर करू नका. गंगेत नाल्यांचं पाणी येतं हे आपण सगळे जाणतो, उतरणाऱ्याला कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांची भीती असते. सोनार यंत्र, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याचा तळ दाखवणारं, आणाल तेव्हा ते चालवणारा माणूसही नेमा, नाहीतर ते कपाटात राहील. जलसंपदा विभागाशी लेखी ठरवून घ्या की शोध सुरू असताना विसर्ग वाढवायचा झाला तर पथकप्रमुखाला आधी फोन जाईल. आणि लहान लेकरू काढलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला लावू नका. त्याला घरी जाऊ द्या, कुणाशी तरी बोलू द्या. मी ज्या पोरांना ओळखतो त्यांतल्या दोघांनी दारू सोडली नाही ती नाहीच.

शेवटी माझ्याकडची एक गोष्ट. नोकरीत असताना मी एक वही ठेवली होती, खात्याची नव्हे, माझी स्वतःची. कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात, कुठल्या जागी माणूस बुडाला, किती दिवसांनी आणि तिथून किती लांब मिळाला, कुणी काढला. पंचनाम्यात न लिहिलेली नावं तिच्यात आहेत. सोमेश्वरच्या खालचे रांजणखळगे, होळकर पुलाच्या कोणत्या कमानीखाली पाणी आत ओढतं, कपिला संगमाजवळचा डोह, चेहेडीला दारणेचं वळण, सगळं हाताने काढलेल्या नकाशांसकट. तीनशेच्या वर पानं आहेत, काही पानांना पाणी लागलंय पण वाचता येतात.

पथक ज्या दिवशी उभं राहील त्या दिवशी ही वही मी त्याच्या प्रमुखाच्या हातात देईन. त्याआधी कुणा अधिकाऱ्याला बघायची असेल तर दर बुधवारी सकाळी, बाजार भरायच्या आधी, मी गंगेवर गाडगे महाराज पुलापाशी असतो. कान गेलेला तो पोरगाही बहुतेक वेळा बरोबर असतो. त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून बोलावं लागतं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सहायक फौजदार
पंचवटी, नाशिक